विश्लेषण : नाताळची हिरवी प्लास्टिक माळ येते कुठून, टिकते किती आणि शेवटी जाते कुठे?

डिसेंबर उजाडला की मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट, वांद्र्याचा हिल रोड आणि पणजी-म्हापशाची दुकाने हिरव्या माळांनी भरून जातात. पाइनच्या पानांसारखी दिसणारी ही माळ आता केवळ ख्रिस्ती घरांपुरती राहिलेली नाही. सोसायटीची लॉबी, कॅफे, शाळा, कार्यालये सगळीकडे ती असते. दारावर, जिन्याच्या कठड्यावर, टीव्हीच्या वर ती सहज मावते आणि झाडाइतकी जागाही अडवत नाही. मात्र ती कशाची बनते, लहान मुलांच्या घरात लावताना काय पाहायचे आणि सण संपल्यावर तिचे काय करायचे, हे पाकिटावर क्वचितच लिहिलेले असते.

हिरवळ घरात आणण्याची प्रथा कुठली?

युरोपातील कडक हिवाळ्यात बहुतेक झाडे निष्पर्ण होतात. फर, हॉली, आयव्ही तेवढी हिरवी राहतात. त्यांच्या फांद्या घरात लावण्याची चाल तिथे जुनी आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान विचर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये अनाथ मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. आजच्या ‘अ‍ॅडव्हेंट’ चक्राचे मूळ तिथे सांगतात. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापले आणि मध्यमवर्गीय घरांत ही सजावट झपाट्याने पसरली.

आपल्या किनाऱ्यावर फर उगवत नाही. त्यामुळे वसईपासून गोव्यापर्यंत अनेक घरांत सुरूची फांदी आणली जाई, अजूनही आणतात. गोव्यातील गोठ्यांत गवतासाठी धान्याचे हिरवे कोंब उगवून लावले जातात. म्हणजे हिरवळ हवी, पण ती जवळपास मिळेल तीच, असा हा सरळ हिशोब होता. प्लास्टिकच्या माळेने तो बदलला.

बाटली धुण्याच्या ब्रशशी नाते काय?

नकली पाने प्लास्टिकच्याही आधीची. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात हंसाची पिसे हिरवी रंगवून तारेला गुंडाळत आणि त्यांची झाडे करत. जंगलतोडीची चिंता हे त्यामागचे एक कारण होते. पुढे ब्रश बनवणाऱ्या अ‍ॅडिस कंपनीने ब्रशच्याच यंत्रावर कृत्रिम झाडे तयार केली, असे सांगितले जाते. 

आजच्या माळेची रचनाही तीच आहे. पीव्हीसीचा पातळ हिरवा पापुद्रा बारीक झालरीसारखा कापतात, दोन तारांच्या मध्ये धरतात आणि तारांना पीळ देतात. पिळाबरोबर झालर गोल फिरते आणि सुईसारखी पाने चहूबाजूंनी उभी राहतात. घरातला बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांसमोर आणला की सारे लक्षात येते. महागड्या माळांत काही पाने पॉलिइथिलीनची, साच्यात ओतलेली असतात. ती जाड व खऱ्यासारखी दिसतात. यातला बराचसा माल चीनमधील झेजियांग प्रांतातल्या यिवू या घाऊक बाजाराच्या शहरातून जगभर जातो. नाताळच्या सजावटीचे जगातील सर्वात मोठे केंद्र म्हणून हे शहर ओळखले जाते.

शिशाची भीती खरी आहे का?

पूर्णपणे खोटी नाही. पीव्हीसी उष्णतेने विघटित होऊ नये म्हणून त्यात स्थिरीकारक घालावे लागते आणि स्वस्त स्थिरीकारकांत शिशाची संयुगे येतात. पीव्हीसी जुने झाले, उन्हात तापले की पृष्ठभाग झिजतो आणि शिसे धुळीत उतरू शकते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, सर्वसाधारण कृत्रिम झाडापासून मोठा धोका दिसत नाही, पण सर्वात वाईट नमुन्यांत लहान मुलांना धोका संभवतो, असा निष्कर्ष काढला होता. चमचमत्या झिरमिळ्यांचा इतिहास तर याहून बोलका आहे. त्या एकेकाळी चक्क शिशाच्या पत्र्याच्या असत. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाच्या हरकतीनंतर त्या १९७२ पासून बाजारातून गेल्या.

भारतात पीव्हीसी पाइपांमधील शिशाबाबत केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. पण ते पाइप आणि त्यांच्या जोडण्यांपुरते आहेत, सजावटीच्या वस्तूंना ते लागू नाहीत. त्यामुळे ग्राहकाने थोडी काळजी स्वतःच घ्यायची. उग्र वास येणारी माळ घेऊ नये. नवी माळ दोन दिवस हवेशीर जागी उघडून ठेवावी. रांगत्या बाळाच्या हाताला लागेल अशी ती लोंबू देऊ नये. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि खाली पडलेली पाने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावीत. घरात मांजर असेल तर झिरमिळ्या नकोतच. त्या गिळल्या गेल्यास आतड्यात अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

दिवे गुंफताना काय पाहावे?

पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. त्यामुळे ते सहज पेट घेत नाही, हे खरे. पण पेटल्यास निघणाऱ्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते आणि बंद फ्लॅटमध्ये ज्वाळेइतकाच धूर घातक. पॉलिइथिलीनची पाने मात्र जळतात आणि वितळून ठिबकतात. म्हणून माळेजवळ मेणबत्ती नको. एलईडी दिव्यांचे तोरण घ्यावे, अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा आणि झोपताना बटण बंद करावे. बटण सेलवर चालणाऱ्या दिव्यांचे झाकण स्क्रूचे असावे. असा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजायला दोन तासही पुरतात. शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

माळ भरगच्च दिसावी म्हणून लोक दोन-दोन घेतात. खरे तर एकच नीट फुलवली तर पुरते. बाजारात साधारणतः सहा आणि नऊ फुटी माळा मिळतात. लांबीपेक्षा तिला टोके किती आहेत ते विचारावे. घरी आणल्यावर प्रत्येक टोक आळीपाळीने वर, डावीकडे, उजवीकडे वाकवायचे. काम कंटाळवाणे आहे, पण शंभर रुपयांची माळ पाचशेंची दिसते ती यानेच. पॉलिश केलेल्या लाकडावर ती थेट ठेवू नये, मऊ पीव्हीसीचे डाग पडतात.

पर्यावरणाचे गणित काय सांगते?

तार, पीव्हीसी आणि रंग एकत्र पिळलेले असल्याने भंगारवाला माळ घेत नाही. ती कचराभूमीतच जाते. त्यामुळे ती किती वर्षे वापरली, यावरच सारे ठरते. कृत्रिम झाडाबाबत मॉन्ट्रियलच्या ‘एलिप्सोस’ संस्थेने २००९ मध्ये काढलेला आकडा २० वर्षांचा होता. कृत्रिम झाडे विकणाऱ्यांचा सहभाग असलेल्या अमेरिकी संघटनेच्या अभ्यासात तो पाचच्या आसपास येतो. अभ्यास कोणी करवून घेतला हे पाहिले की फरकाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापर प्लास्टिकबंदीत सजावटीचे थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुले-पाने मात्र नाहीत. प्लास्टिकच्या फुलांनी बाजारभाव पाडले, त्यांवर बंदी घाला, ही फूल उत्पादक शेतकऱ्यांची मागणी त्यामुळेच सुरू आहे आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला आहे. नाताळची माळ याच मालाची बहीण. अनेक घरांत ती गणपतीच्या मखरालाही लागते. एकाच माळेचा दोन सणांना उपयोग होत असेल तर त्यात वाईट काही नाही.

सजावट उतरवण्याचा रूढ दिवस ६ जानेवारी, तीन राजांचा सण. गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कासावली येथे तो थाटात होतो. त्या दिवशी माळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवावी, सैल गुंडाळी करून सुती पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत आधी तार गंजते, पाने नंतर गळतात. पिवळट, चिकट झालेली किंवा पाने भुगा होऊन पडणारी माळ मात्र पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.