पोट लहान झालं, आता ताट कसं वाढायचं?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचं काम, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. हे आता खरं राहिलेलं नाही. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांतही ही ऑपरेशनं होतात, आणि त्यानंतरचे प्रश्न घेऊन वस्तीतल्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. लठ्ठपणा हाही खात्यापित्या घरचाच आजार उरलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आढळलं. रेशनचा तांदूळ-गहू, पामतेल, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, सकाळी घाईत पाव, दहा बाय दहाची खोली आणि चालायला जागा नाही. वजन यातून वाढतं. त्याला खादाडपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी आपल्या गल्लीतल्या टपरीवर काय स्वस्त मिळतं ते पाहावं.

ऑपरेशन करावं की नाही, हे डॉक्टरांनी आणि पेशंटने ठरवायचं. आम्ही इथे बोलणार आहोत ते घरी आल्यानंतरचं, कारण रुग्णालयात त्यावर दहा मिनिटं बोलणं होतं आणि हातात एक छापील कागद मिळतो. कागदावर ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ग्रीक दही असतं. आपल्या चुलीवर काय शिजतं, ते त्यावर नसतं.

दोन प्रकारची ऑपरेशनं जास्त होतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. दुसरा प्रकार बायपास. हा शब्द ऐकला की शेजारी विचारतात, "हार्टचं झालं का?" हा बायपास पोटाचा. जठराचा वरचा, अंड्याएवढा भाग वेगळा करून तो पुढे लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा बाकीचा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून जातं. खाणं कमी होतं, आणि लोह, कॅल्शियम, बी-१२ हेही अंगी कमी लागतं. आपल्या पेशंटचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं, हे घरातल्या एकाला तरी माहीत हवं. "पोटाचं झालं" एवढंच सांगणारी कुटुंबं आम्ही रोज पाहतो.

सुरुवातीचे दिवस बहुतेक घरं नीट सांभाळतात. साधारण पहिले दोन आठवडे फक्त पातळ: पाणी, ताक, बिनसाखरेचं दूध, गाळलेली डाळ, सूप, सगळं घोट घोट. पुढचे दोन आठवडे कुस्करलेलं, मऊ: घोटलेली मुगाची डाळ, उकडलेलं अंडं चुरून, दही, बिनकाट्याचा मऊ मासा. मग हळूहळू नेहमीचं जेवण. प्रत्येक रुग्णालयाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, त्यांनी दिलंय तेच पाळावं. अडचण येते ती दीड महिन्यानंतर, नेहमीचं ताट पुढे आल्यावर.

शेवटी जेवणारी बाई

आपल्या घरांत बाई सगळ्यांत शेवटी जेवते. उरलेलं, निवलेलं, भांडी पडलीत म्हणून भराभरा. ऑपरेशन झालेल्या बाईला हे चालतच नाही. तिला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं असतं, घास बोटाच्या पेराएवढा, बारीक चावून, अर्ध्या वाटीला वीस-पंचवीस मिनिटं. घाईत गिळलं तर छातीत अडकल्यासारखं होतं, उचक्या लागतात, नाकातून पाणी येतं, मग उलटी. नाक वाहायला लागणं हीसुद्धा पोट भरल्याची खूण असू शकते. ती दिसली की पुढचा घास घ्यायचा नाही, ताटात कितीही उरलेलं असो.

म्हणून आम्ही पेशंटशी कमी आणि घरच्यांशी जास्त बोलतो. सासूबाई, नवरा, मोठी मुलगी यांना समोर बसवतो. तिचं ताट आधी वाढा, ती जेवत असताना तिला हाक मारू नका, आणि "एवढंच? अजून एक घास घे की" असं म्हणू नका. मायेने केलेला हा आग्रह उलटीला कारण होतो. पेशंट पुरुष असेल तर हे सांगण्यात आमचा फारसा वेळ जात नाही, त्याचं ताट आधीच वाढलेलं असतं.

ताटातला क्रमही बदलायचा आहे. आपण भाताचा ढीग करतो आणि त्यावर पातळ वरण ओततो. आता पोटात जागाच वाटीभर आहे, ती भाताने भरली की बाकी काही जात नाही. आधी प्रथिनं म्हणजे अंडं, डाळ, मासे, चिकन, मग भाजी, शेवटी जागा उरली तर दोन घास भात किंवा डाळीत कुस्करलेली भाकरी. मऊ पाव आणि चिकट भात यांचा पोटात गोळा होतो. ते बऱ्याच जणांना सोसत नाहीत, कोरड्या भाकरीपेक्षाही जास्त त्रास देतात.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस बारीक नव्हे, दुबळा होतो. डबेवाली महागडी पावडर सुरुवातीला लागते, पण जन्मभर तिच्यावर अवलंबून राहायची गरज नाही. हिशोब असा: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एका पेल्या दुधात ६-७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७, आणि २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांत १२-१३. तीन अंडी, दोन पेले दूध, एक मूठ डाळ, सोयाबीनच्या थोड्या वड्या आणि मासे किंवा चिकनचे दोन लहान तुकडे, एवढ्यात दिवस भागतो. सुकट, जवळा, बोंबीलही चांगले, मात्र खारवलेले असतील तर भिजवून धुऊन घ्या, कारण मिठाने रक्तदाब वाढतो. मटणाचे चिवट तुकडे पहिले काही महिने टाळावेत, खिमा मऊ शिजवून चालतो. मोठ्याचं मटण आपल्याकडे स्वस्तातलं प्रथिन होतं. २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातला तो आधार कमी झाला. त्याची जागा अंड्याने भरावी लागते, आणि अंडं घरातल्या सगळ्यांना पुरवायचं तर बजेट कोलमडतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही पेशंटची तीन अंडी वेगळी ठेवा.

पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर पुरवायचं. इथे वस्तीतली खरी अडचण येते. सार्वजनिक संडास लांब, रात्री अंधार, म्हणून आपल्या बायका मुद्दाम कमी पाणी पितात. मोठ्या पोटाची बाई एका दमात तांब्याभर पिऊन कमतरता भरून काढू शकते, या बाईला ते शक्य नाही. चक्कर, बद्धकोष्ठ, मूतखडा हे सगळं त्यातून येतं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय असं समजा.

खीर, उपोसथ आणि पाहुणचार

गोड पदार्थ आता जपून. विशेषतः बायपास झालेल्यांनी साखर-गुळाचं काही भराभर खाल्लं की ते थेट आतड्यात उतरतं. पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, कधी डोळ्यांपुढे अंधारी. वैशाख पौर्णिमेला विहारात वाटलेली खीर खाऊन एक ताई अशाच घामाघूम झाल्या आणि सगळ्यांना वाटलं, हार्ट अ‍ॅटॅक आला. अशा वेळी आडवं करून थोडं थांबलं की बहुतेकदा उतरतं. पण छातीत दुखत असेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या. दोन चमचे चाखायला हरकत नाही, वाटी संपवायची नाही. भोजनदानात वाढणाऱ्यांनीही "एवढं तरी घ्याच" हा आग्रह सोडावा.

वर्षावासात पौर्णिमेला उपोसथ धरून दुपारनंतर न खाणाऱ्या उपासिकांनी ऑपरेशननंतर निदान पहिलं वर्ष तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे व्रत धरू नये. सहा वेळचं खाणं दुपारच्या आत बसत नाही. शीलं पाळायला पोट रिकामं ठेवावंच लागतं असं नाही, हे आपले भन्तेजीही सांगतील.

दारूबद्दलही बोलायला हवं. पंचशील घेतलेल्या घरांत ही वेळ येऊ नये, पण येते. ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्यातला आनंद गेला म्हणून काही जण तिच्याकडे वळतात. तंबाखू, विडी आणि आपल्या आजी-मावश्यांची मिसरीही बंद व्हायला हवी. जोडलेल्या जागी जखम होण्याचं ते एक कारण आहे. दुसरं कारण अंगदुखीच्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल, तीही विचारून.

गोळ्या बंद करू नका

आमच्या अनुभवात सगळ्यांत मोठी फसगत इथे होते. वजन उतरतं, साखर ताब्यात येते, माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि महिन्याच्या खर्चातून पहिली कात्री लागते ती व्हिटॅमिनच्या गोळ्यांना. "आता बरी आहे ना, कशाला गोळ्या?" शरीरात बी-१२ चा साठा असतो, म्हणून लगेच काही कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटलेली समजत नाही, विसरायला होतं. फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान भरून येत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन हे जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नका. जन औषधी केंद्रात यातली बरीच औषधं कमी दरात मिळतात. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. दर वर्षी करायच्या रक्ततपासण्यांसाठीही तिथे विचारा. मागायला लाज कसली, तो हक्क आहे.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं उलटं आहे. ऑपरेशननंतर साखर झपाट्याने उतरते. जुन्या डोसाचं इन्सुलिन तसंच चालू ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाते. हे डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे लागतात.

आता एक धोका नीट लक्षात ठेवा. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. उलट्यांमुळे शरीरातलं बी-१ म्हणजे थायमिन संपलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. बाटली लावण्याआधी ऑपरेशन झाल्याचं सांगा आणि थायमिनचं विचारा. पहिल्या महिन्यात ताप, नाडी जलद, पोटात किंवा खांद्यात जोरात दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातच जा.

लग्न झालेल्या तरुण मुलींसाठी आणखी एक. वजन उतरलं की अनियमित पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतर एक ते दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये, आई आणि बाळ दोघांनाही पोषण अपुरं पडतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबीबद्दल डॉक्टरांना विचारा. "इतका खर्च केला तो पोरासाठीच ना" म्हणणाऱ्या सासरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवावा.

तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात, बहुतेकांचे पुन्हा येतात. कातडी लोंबते, घडीत घामाने नायटा होतो, तिथे कोरडं ठेवावं. गल्लीत मात्र वेगळंच सुरू होतं. आपल्याकडे माणूस झपाट्याने बारीक झाला की टीबी नाहीतर त्याहून वाईट काही झालं असं ठरवतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या हातचा चहा शेजारणीने घेणं सोडलं. घरच्यांनी उघडपणे सांगावं की ऑपरेशन झालंय. लपवल्याने कुजबुज वाढते. अर्थात खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर टीबीची तपासणी करायचीच, ऑपरेशन झालं म्हणून तो आजार टळत नाही.

दीड-दोन वर्षांनी थोडं वजन परत येतं. बहुतेकांचं येतं. पण फार वाढू लागलं तर चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, फरसाण, सरबत यांच्याकडे पाहा. हे मऊ आणि पातळ पदार्थ लहान पोटातूनही सहज उतरतात आणि पोट भरल्याचं कळत नाही. टोमणे मारू नका, वेळेवर तपासणीला न्या.

शेवटी एक काम आजच करा. एका कागदावर ऑपरेशनचा प्रकार, तारीख, रुग्णालय, चालू गोळ्या आणि 'अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत, बी-१ शिवाय ग्लुकोज चढवू नये' एवढं लिहा. एक झेरॉक्स पेशंटच्या आधार कार्डाबरोबर ठेवा, दुसरी घरात भिंतीवर, रेशन कार्डाच्या पिशवीशेजारी लावा.