‘आत्ता नको’ म्हणणारा डेंटिस्ट

२० मार्चचा जागतिक मौखिक आरोग्य दिन आला, की कंपन्यांत, कॉलेजांत मोफत दंततपासणीची शिबिरं लागतात. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरापोरींच्या हातात कागद असतो: अमुक दाढांना कीड, स्केलिंग करा, अक्कलदाढ काढून टाका. जळगावहून हिंजवडीला नोकरीला आलेल्या तेविशीतल्या मुलानं या कागदाचं करायचं काय? घरचे डॉक्टर गावी राहिले. मग कागद बॅगेत पडून राहतो आणि एका रात्री दाढ ठणकली, की सकाळी फोनवर पहिला दिसेल तो दवाखाना गाठला जातो. ठणका लागलेला माणूस कशालाही हो म्हणतो. म्हणून डेंटिस्ट शोधायचा तो काही दुखत नसताना.

बीडीएस ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी हवीच. अवघड रूट कॅनाल असेल तर त्या विषयातला एमडीएस बघावा. फोनवरच्या ताऱ्यांवरून मात्र डॉक्टरचा हात कळत नाही. तो कळतो एका प्रश्नातून: ‘डॉक्टर, हे आत्ताच भरायला हवं का?’

कीड म्हणजे लगेच खड्डा नव्हे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यानं एनॅमलमधली खनिजं निघून जातात आणि दातावर खडूसारखा पांढरा डाग उमटतो. वरचा थर अजून शाबूत असतो. या टप्प्यावर फ्लोराइडची पेस्ट, नीट ब्रशिंग आणि दिवसभराचं गोड चघळणं बंद, एवढ्यावर कीड थांबू शकते. लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटनं थोडी झीज भरूनही येते. ड्रिल फिरलं की मात्र तेवढा दात कायमचा गेला. फिलिंग जन्मभर टिकत नाही आणि बदलताना खड्डा बहुधा थोडा वाढतोच. बाविसाव्या वर्षी उगाच भरलेली दाढ पुढे कॅपपर्यंत जाऊ शकते. खड्डा पडला असेल, कीड आतल्या डेंटिनमध्ये खोल गेली असेल, तर थांबणं तितकंच चुकीचं. हा फरक समजावणारा डॉक्टर हातात आरसा देतो, एक्स-रेवरची काळी सावली कुठवर पोचलीय ते बोट ठेवून दाखवतो आणि गरज नसेल तर म्हणतो, ‘आत्ता नको, सहा महिन्यांनी बघू.’ त्या दिवशीची कमाई सोडून तो हे सांगतो. माझ्या लेखी विश्वास ठेवायला एवढं पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट खुर्चीत बसल्या बसल्या बघता येते. ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली अवजारं बंद पाकिटात येतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. ते पाकीट तुमच्यासमोर फाडलं गेलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर विचारा. चांगल्या दवाखान्यात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांची कामं सहसा बसत नाहीत, तेव्हा खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. आकडा छातीत धडकी भरवणारा असेल तर एक्स-रेची प्रत मागून दुसरीकडे दाखवावी. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायरचं दंत रुग्णालय आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. पुण्यात खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत. तिथे वेळ जातो, विद्यार्थी काम करतात. पण शिकवणारे डॉक्टर ते तपासतात आणि बिलही बेताचं येतं. सुट्टी टाकून सकाळी लवकर नंबर लावावा.