दोन मिलिग्रॅमची मर्यादा

सकाळी आठ. लॅबमध्ये आल्यावर पहिलं काम ओव्हन लावण्याचं. 105 अंशांवर तो स्थिर व्हायला वेळ घेतो, आणि तोवर बाकीची मांडामांड उरकते. आज टेबलावर इन्स्टंट नूडल्सचे नमुने आहेत, तळलेल्या आणि न तळलेल्या अशा दोन्ही प्रकारचे. दुकानात आपण दोन्हींना सरसकट नूडल्सच म्हणतो. मानकाच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या जाती. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस म्हणजे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त आयोगाची अन्नसंहिता. तिच्या 249 क्रमांकाच्या मानकात तळलेल्या नूडल्समध्ये ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के, न तळलेल्यांमध्ये 14 टक्के अशी मर्यादा आहे. गरम तेलात पाणी झपाट्याने उडून जातं, गरम हवेवर ते सावकाश निघतं आणि थोडं मागे राहतं. म्हणून दोघांना एकच आकडा लावला, तर एकावर अन्याय होईल किंवा दुसऱ्याला नको तेवढी सूट मिळेल.

साडेआठच्या सुमारास पुड्या फुटतात. मसाल्याची पुडी बाजूला काढायची, कारण हे आकडे फक्त नूडल्सच्या वडीसाठी आहेत. वडी जाड पिशवीत घालून हाताने मोडायची आणि चाळून एका मापाचे तुकडे निवडायचे. काम साधं दिसतं, पण नवी मंडळी इथेच चुकतात. नवी मुंबईत जुलै महिन्यात हवाच इतकी दमट असते की उघड्या थाळीतला चुरा वजन करता करता ओलावा ओढून घेतो. ताजव्यावरचा शेवटचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकत राहतो. म्हणून झाकण लावून वजन करायचं, ओव्हनमधून काढलेली थाळी डेसिकेटरमध्येच थंड करायची आणि थंड झाली की लगेच वजन घ्यायचं. ओव्हनमध्ये तळलेल्या नूडल्सना दोन तास, न तळलेल्यांना चार. आमच्याकडे यंदाच आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, दोन तास होत आलेत, पाच मिनिटं आधी काढलं तर चालेल का?" नाही चालत. ओसाकामधल्या आणि जकार्तामधल्या माणसानेही दोन तासच थांबायचं आहे. तसं झालं तरच आमचा निकाल त्यांच्या निकालाशेजारी ठेवता येतो.

ओव्हन चालू असताना मी तिला या मानकाची हकिगत सांगते. 1958 सालच्या 25 ऑगस्टला मोमोफुकू आंदो यांचं चिकन रामेन जपानच्या बाजारात आलं. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळून वाळवायच्या, म्हणजे त्या टिकतात, आणि गरम पाणी पडलं की पुन्हा मऊ होतात, ही त्यांची युक्ती. पण तळलं म्हणजे तेल आलं, आणि तेल आलं म्हणजे ते खवट होण्याची भीतीही आली. 1960 च्या दशकात जपानमध्ये खराब झालेल्या तेलाच्या नूडल्स खाऊन लोक आजारी पडले आणि तिथे गुणवत्तेचे नियम कडक होत गेले. पुढे हे खाणं आशियाभर पसरलं. कुठे मैद्याच्या नूडल्स, कुठे तांदळाच्या, कुठे स्टार्चच्या. या सगळ्यांना सामावेल अशी व्याख्या करायची होती. कोडेक्सच्या आशिया समन्वय समितीत हे काम बरीच वर्षं चाललं आणि 2006 मध्ये जिनिव्हात आयोगाच्या 29 व्या अधिवेशनात मानक मंजूर झालं. त्यातली व्याख्या मला आवडते. गहू, तांदूळ किंवा इतर धान्यांचं पीठ, नाहीतर स्टार्च, काहीही मुख्य घटक असू शकतं; आवश्यक काय, तर आधी शिजवून स्टार्च फुलवणं आणि मग तळून किंवा इतर रीतीने वाळवणं. कोणत्याही देशाचं ताट तिने दाराबाहेर ठेवलेलं नाही.

अकरा. आता तेल. दिवसातलं सर्वांत जिकिरीचं काम हे. चुऱ्यातलं तेल पेट्रोलियम ईथरने काढून घ्यायचं, ईथर उडवून टाकायचं आणि मागे राहिलेल्या तेलाची अ‍ॅसिड व्हॅल्यू काढायची. तेल जुनं झालं, वारंवार तापलं की त्यातली मेदाम्लं सुटी होत जातात. एक ग्रॅम तेलातली ही सुटी आम्लं शमवायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, तो आकडा म्हणजे अ‍ॅसिड व्हॅल्यू. मर्यादा 2, आणि तीही फक्त तळलेल्या नूडल्सना.

फ्लास्कमध्ये पिवळसर द्रावण, वर ब्युरेट. थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी ठिपका उमटतो आणि हलवताच विरतो. मग तो विरायला जास्त वेळ लागू लागतो. इथून पुढे अर्धा थेंब. फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की थांबायचं. रंग गडद झाला म्हणजे पुढे गेलो, तो निकाल बाद. ज्यांच्या नाकाला घरातल्या जुन्या खोबऱ्याचा वास ओळखता येतो, त्यांना खवटपणा काय हे सांगावं लागत नाही. पण नाकाची साक्ष दोन देशांच्या भांडणात चालत नाही, ब्युरेटवरचा आकडा चालतो.

मला मात्र एवढ्यावर समाधान नाही. अ‍ॅसिड व्हॅल्यू तेलाच्या बिघाडाची एकच बाजू दाखवते. हवेतल्या ऑक्सिजनने तेल बिघडायला लागतं तेव्हा आधी पेरॉक्साइड वाढतात. जपानच्या नियमांत त्यांचीही मर्यादा आहे. पेरॉक्साइड आधी वाढतात आणि पुढे तुटून कमी होतात, त्यामुळे त्या आकड्यावरही एकट्याने विसंबता येत नाही, हे खरं. तरी दोन्ही आकडे शेजारी असावेत, असं माझं ठाम मत आहे. दुसरी उणीव मिठाची. मानकात सोडियमवर मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि नूडल्स तर आपल्याकडे लहान मुलांच्या डब्यात असतात.

दीड. डबा.

दोन वाजता कागद उघडतात. कोडेक्सचं मानक प्रस्तावापासून मंजुरीपर्यंत आठ पायऱ्या चढतं, वाटेत दोनदा सगळ्या देशांकडे मत मागायला जातं. मसुद्यात जिथे एकमत नाही, तिथे चौकोनी कंस. कंसात अडकलेल्या एका आकड्यावर वर्षानुवर्षं चर्चा होऊ शकते, कारण मतदानापेक्षा सहमतीने पुढे जायची तिथली रीत. आपली मतं दिल्लीच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणामार्फत, म्हणजे एफएसएसएआयमार्फत जातात. मानक मंजूर झालं म्हणजे फाइल बंद झाली असंही नाही. मिश्रकांची यादी, तपासणीच्या पद्धती यांची फेरतपासणी होत राहते. पद्धतींची समिती हंगेरीच्या यजमानपदाखाली भरते. माझं आजचं टिपण पद्धतींबद्दलच आहे.

चार वाजता त्यावर ऑनलाइन बैठक. उद्योगातली मंडळी असतात आणि असावीतही. कारखान्यात कढईतलं तेल कसं वागतं, ते त्यांच्याइतकं कोण जाणतं? पण मर्यादा ठरवणारे आकडे स्वतंत्र प्रयोगशाळांतूनही आले पाहिजेत. कुणीतरी विचारतं, पद्धतीच्या तपशिलावर इतका वेळ का घालवायचा? मी 2015 ची आठवण देते. मॅगीच्या मसाल्यात शिसं मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचं सांगून जूनमध्ये देशभर बंदी आली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तपासण्या रीतसर मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, हा त्यातला मोठा मुद्दा होता. न्यायालयाच्या आदेशानुसार मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने पुन्हा तपासले गेले आणि शिसं मर्यादेत निघालं. मर्यादा होती, कायदा होता. तपासणी कुठे आणि कशी केली, यावर सगळं फिरलं.

सहा वाजता न तळलेल्या नूडल्सचे आकडे नोंदवहीत चढतात, ओव्हन बंद होतो, टिपण पाठवलं जातं.

वाचकांना एक विनंती. खाद्यपदार्थांच्या नियमांचे मसुदे एफएसएसएआय आपल्या संकेतस्थळावर हरकती आणि सूचनांसाठी खुले करते. कंपन्या ते ओळ न ओळ वाचतात आणि मुदतीत उत्तर देतात. आपल्याकडे अन्नतंत्रज्ञान शिकवणारी कितीतरी महाविद्यालयं आहेत, ग्राहक संघटना आहेत, प्रश्न विचारणारे पालक आहेत. मसुदा वाचा, आपल्या प्रयोगशाळेत मोजलेले आकडे असतील तर जोडा, आणि मुदत संपायच्या आत पाठवा.