मुळशीत बार टाकायचाय? आधी हा हिशेब करा



पौड रोडला किंवा मुळशी धरणाच्या बाजूला रस्त्याला लागून जागा असली की घरात एक विषय हमखास निघतो. "आपण पण एक बार अँड रेस्टॉरंट टाकू. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, धंदा पळणारच!"

हा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्या तालुक्यात भांडवल बऱ्याचदा जमीन विकून आलेलं असतं. जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो गेल्यावर काय होतं हे 'मुळशी पॅटर्न' बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून इंटेरियरवाल्याला फोन लावायच्या आधी एवढं वाचा.

पहिला प्रश्न : गिऱ्हाईक कोण?

मुळशी म्हणजे एक बाजारपेठ नाही, निदान तीन आहेत.

हिंजवडी आपल्याच तालुक्यात येते. तिथं आयटीवाल्यांमुळे आठवडाभर धंदा चालतो, पण भाडं आणि स्पर्धा दोन्ही शहरासारखं. कॉकटेल पिणारा माणूस तिथं नक्की आहे. पण त्याला पुण्यातली मायक्रोब्रुअरी माहीत असते. डूलालीने २००९ मध्येच पुण्यात ताजी बिअर द्यायला सुरुवात केली होती. तुमची तुलना तिथल्या चवीशी आणि सर्व्हिसशी होणार, हे धरून चाला.

लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम अशी मोठी विद्यापीठं आहेत. "कॉलेजची पोरं येतील" हे गणित मात्र डोक्यातून काढा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५. बहुतेक विद्यार्थी कायद्याने तुमचं गिऱ्हाईकच नाहीत.

तिसरी बाजारपेठ पौडच्या पुढची, म्हणजे धरण आणि ताम्हिणी. इथं गर्दी पावसाळ्यात आणि सुट्टीत. या गिऱ्हाइकाची एक गोष्ट लक्षात ठेवा. तो स्वतः गाडी चालवत आलेला असतो आणि संध्याकाळी घाटरस्त्याने परत जाणार असतो. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याने पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे चार जणांच्या टेबलावर एक जण पिणार नाही, आणि पिऊही नये.

दुसरा प्रश्न : परवाना मिळेल का?

हॉटेलात बसून दारू देण्यासाठी 'परमिट रूम'चा एफएल-३ परवाना लागतो. फक्त बिअर-वाइन द्यायची तर बिअर बारचा परवाना वेगळा. दोन्हीसाठी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जावं लागतं. फी गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते आणि दरवर्षी भरावी लागते, धंदा झाला काय न झाला काय.

जागा घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

१. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्ग आहे का? सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागासाठी ते अंतर मार्च २०१७ मध्ये २२० मीटर केलं. नंतर काही सवलती आल्या. त्या तुमच्या गावाला लागू आहेत का, हे कार्यालयातून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर बांधकाम काढू नका.

२. शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजून घ्या.

३. गावाचं मत बघा. आपल्या राज्यात 'आडवी बाटली'च्या मतदानाने दारू बंद करायची सोय आहे. गावातल्या बायाबापड्यांना नको असलेला बार कागदावर पक्का असला तरी टिकेल याची खात्री नाही.

तिसरा प्रश्न : ग्लासामागे उरतं किती?

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

बाटली ७५० मिलीची, तुम्हाला १,५०० रुपयांना पडली. ६० मिलीचे हिशेबाला साडेबारा पेग होतात, सांडलवंड धरून बारा. म्हणजे पेग १२५ रुपये. सिरप, लिंबू, बर्फ, सोडा मिळून ३५. कॉकटेल पडलं १६० ला, विकलं ४५० ला, उरले २९०.

आता कोकम, गूळ, जिरं आणि सोड्याचं मॉकटेल. पडलं ४० ला, विकलं १६० ला, उरले १२०.

एका ग्लासापुरतं बघितलं तर कॉकटेल भारी. पण बारमुळे वाढलेला वर्षाचा खर्च मोजा. परवाना, बारटेंडर, काउंटर, अडकलेला माल, रात्रीचा माणूस. समजा तो १२ लाख झाला. १२ लाख भागिले २९० म्हणजे जवळपास ४,१४० कॉकटेलं. धंदा शनिवार-रविवारचाच असेल, तर वर्षाच्या १०४ दिवसांत रोज ४० ग्लास फक्त हा जादा खर्च भरून काढायला लागतात. नफा त्याच्या पुढे. त्यात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे, म्हणजे नेमके सुट्टीचे दिवस.

आणखी एक गळती. बारटेंडरचा हात सैल असेल आणि ६० ऐवजी ६५ मिली पडत असेल, तर साडेबाराचे साडेअकरा पेग होतात. दर बाटलीमागे एक पेग हवेत! माप वापरायचंच, आणि रोज रात्री बाटल्या मोजायच्या.

चौथा प्रश्न : कर

दारू जीएसटीत नाही, तिच्यावर व्हॅट. जेवणावर जीएसटी. त्यामुळे बिलात दोन्ही वेगळे दाखवावे लागतात. छोट्या हॉटेलांना सोपी पडणारी कंपोझिशन योजना दारू विकणाऱ्याला मिळत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. वरून दर बदलत राहतात. परमिट रूमचा व्हॅट २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं आणि १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी बंद पाळला. मेनूकार्ड छापलेलं असतं, खर्च मात्र वाढलेला असतो.

मग करायचं काय?

पौडच्या पुढे जागा असेल तर माझा सल्ला सरळ आहे. पहिलं वर्ष फॅमिली रेस्टॉरंट चालवा. इंद्रायणी भात, गावरान कोंबडी, पिठलं-भाकरी. सोबत कोकम, जांभूळ, करवंद, आवळा यांची चार-पाच पेयं, चांगल्या ग्लासात, नीट नाव देऊन. गाडी चालवणारा आणि घरातली मंडळी दोघंही ती मागवतात. स्वच्छ बाथरूम आणि पार्किंग यावर पैसा लावा. अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना तर हवाच.

वर्षभराच्या वहीतून गिऱ्हाईक कळेल. लोक मुक्कामाला थांबतायत, खोल्या काढता येतायत असं दिसलं तर बारचा विचार करा. पिऊन झाल्यावर माणूस खोलीत जाणार असेल तर तुमचा धंदाही सुरक्षित आणि त्याचा जीवही. एवढं करूनही कुणी प्यायलेला परत निघालाच, तर ड्रायव्हरचा नंबर काउंटरवर लावलेला असू द्या.

हिंजवडीत असाल तर उलट. तिथं बार चालू शकतो, पण भागीदार हॉटेलात काम केलेला घ्या, नुसता पैसेवाला नको.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या जागेसमोर तीन शनिवार-रविवार आणि दोन साधे मंगळवार वही घेऊन बसा. किती गाड्या गेल्या, किती थांबल्या, त्यात कुटुंबं किती आणि पोरांचे ग्रुप किती, ते लिहा. आकडे हातात आले की वरचा हिशेब परत मांडा. उत्तर 'नको' आलं तरी वाईट वाटून घेऊ नका, तुमची जमीन वाचली असं समजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!