नंगा पर्वताचा धडा
हिमालयाच्या पश्चिम टोंकाचा नंगा पर्वत ८१२६ मीटर उंच आहे. त्यावर चढूं इच्छिणाऱ्यानें प्रथम त्याचा इतिहास वाचावा. १९३४ सालीं वरच्या छावण्यांतून उतरतांना वादळानें गांठून तीन जर्मन गिर्यारोहक व सहा शेर्पा यांचा बळी घेतला. १९३७ च्या जूनमध्यें चवथ्या छावणीवर रात्रीं हिमलोट कोसळून सोळा जण तंबूंतच गाडले गेले.

वारा माथ्यावरील हिम उडवून आडोशाच्या उतारावर थापतो. म्हणून जेथें वारा लागत नाहीं, तेंच स्थळ पुष्कळदां घातक ठरतें. आमच्या मतें तंबूची जागा, नव्या हिमवर्षावानंतर थांबावयाचे दिवस आणि परतण्याची वेळ हीं तिन्ही पायथ्याशींच ठरवावींत. वरच्या विरळ हवेंत बुद्धि मंदावते. तेथें नवा विचार सुचणें कठीण, आधीं केलेला निश्चय मात्र पाळतां येतो.