दुर्बिणीचे शेजारी

चाकणच्या तळेगाव चौकात ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या माणसापुढे पुणे-नाशिक रेल्वेचा विषय काढला, की बोलणं हमखास खोडदच्या दुर्बिणीवर येतं. तिनंच म्हणे गाडी अडवली. संपादकांनी धाडलं तेही याचसाठी: ही दुर्बीण आहे तरी काय आणि तिला रेल्वेचं एवढं वावडं कशाचं?

राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगावला आलं की उजवीकडे खोडदचा रस्ता लागतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. उटीची दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी नव्वदच्या दशकात ती इथं आणली. पुणं हाताशी, भोवती डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, म्हणून ही जागा. २००१ मध्ये तिचं राष्ट्रार्पण झालं. एकूण ३० डिश. त्यातल्या १४ खोडदजवळ दाटीनं, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, ऊस-कांद्याच्या रानांमधून पसरलेल्या.

मी रेंगाळलो तो डिशच्या खाली. ४५ मीटर व्यासाची ही थाळी पत्र्याची असेल असं लांबून वाटतं, पण खाली उभं राहिलं की तिच्यातून आभाळ दिसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची ही जाळी, आणि तिला ताणून बाक देणारे तारांचेच दोर. लहरी जाळीच्या भोकांहून कितीतरी लांब, त्यामुळे त्यांच्या लेखी ही सलग भिंतच. वारा मात्र आरपार जातो. वजन वाचलं, खर्च वाचला, म्हणूनच अशा तीस उभ्या राहिल्या. तरीही सोसाट्याचा वारा सुटला की निरीक्षण थांबवून सगळ्यांची तोंडं सरळ वर करून ठेवतात. स्वरूप यांच्या या काटकसरीपुढे मी तरी हात जोडले.

या थाळ्यांना ऐकायचं असतं ते हायड्रोजनचं अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेलं बोलणं आणि पल्सार ताऱ्यांचं स्पंदन. ते इतकं क्षीण असतं, की चंद्रावर एक मोबाईल चालू ठेवला तरी तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांत जमा होईल. मग शेजारच्या गावातला मोबाईल टॉवर काय करत असेल! त्याची निदान वारंवारता ठाऊक असते. खरा छळ विजेच्या खांबाचा. कुठं तारा जोडणारा जंपर ढिला होतो, कुठं इन्सुलेटर तडकतो, आणि तिथं बारीक ठिणगी उडत राहते. घरातला दिवा त्यामुळे मिणमिणतही नाही, पण ठिणगीचा खरखराट कितीतरी वारंवारतांवर एकाच वेळी पसरतो. मग हातातला अँटेना फिरवत खांब हुडकायचा आणि दुरुस्तीसाठी महावितरणच्या मागे लागायचं. पाऊस पडला की ही ठिणगी बरेचदा थांबते, उघडीप पडली की पुन्हा सुरू. ब्रह्मांडाचं कोडं सोडवणाऱ्या संस्थेचं काम असं लाइनमनच्या शिडीपाशी अडलेलं असतं.

शेजाऱ्यांच्या पदरात काय पडतं? २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते. शाळाशाळांतली पोरं आपले प्रयोग घेऊन येतात आणि थाळीखाली माना वर करून उभी राहतात. हे थोडं नाही. पण परिसरात कारखाना काढायचा, टॉवर उभारायचा, तर दुर्बिणीचा विचार आधी. पन्नासेक किलोमीटरवर चाकणला गाड्यांचे कारखाने दाटले असताना जुन्नरच्या पोरानं नोकरीसाठी तिकडंच खोली घ्यायची, हे गणित त्याला कुणी नीट समजावलेलं नसतं. सगळा दोष दुर्बिणीचा नाही. पाणी, जमिनीचे भाव, महामार्ग यांचाही हात आहे. नाव मात्र तिचं निघतं.

रेल्वेनं ही कुरकुर चव्हाट्यावर आणली. सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा आखला होता. विजेवरच्या गाडीचा पेंटोग्राफ वरच्या तारेला घासतो तिथं ठिणग्या उडतात. खांबावरच्या ठिणगीनं हैराण होणाऱ्या यंत्राला हे परवडणारं नव्हतंच. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जीएमआरटीचं कारण देत हा मार्ग होणार नाही असं सांगितलं आणि शिर्डी-अहिल्यानगरवरून जाणारा पर्याय पुढे केला. त्यात चाकणला रूळ मिळतील. मंचर, नारायणगाव, संगमनेर वगळले जातील. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे मूळ मार्गासाठी भांडत आहेत. बोगदा काढा, रूळ लांबून न्या, असेही पर्याय बोलले जातात.

मला दुर्बीण हवी आहे आणि गाडीही. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेणं सोपं नाही, हे त्या जाळीखाली उभं राहिल्यावर पटतं. पण किती अंतरावर किती गोंगाट होतो, बोगद्यानं किंवा वळणानं त्यातला किती कमी होतो, हा हिशेब नारायणगावच्या ग्रामसभेत, मराठीत, आकड्यांनिशी मांडायला हवा. विज्ञान दिनाला पोरांना पल्सार समजावणाऱ्यांना हे जड जाऊ नये. तोवर नारायणगावच्या टोमॅटोचा ट्रक तळेगाव चौकातूनच जाणार, आणि ड्रायव्हर शिव्या घालणार त्या खोडदला.