अतिदक्षता : यंत्राची की माणसाची?

अतिदक्षता विभाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे उभी राहतात. भाषेचा अभ्यासक म्हणून मला मात्र या शब्दात माणूस दिसतो. कारण दक्ष असते ते मन.

लष्करी रुग्णालयांची रचना हेच सांगते. जखमी जवान पलटणीच्या डॉक्टरकडून टप्प्याटप्प्याने मोठ्या रुग्णालयात पोहोचतो. नौदलाची दोन रुग्णालये आपल्याला जवळची : वास्कोचे ‘जीवंती’ आणि मुंबईचे मोठे ‘अश्विनी’. अतिदक्षता विभागात भूलतज्ज्ञ, वैद्य आणि शल्यविशारद एकविचाराने निर्णय घेतात. उशाशी अहोरात्र असते ती परिचारिका. सैन्यात तीही अधिकारीच. श्वसनयंत्रावरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हा आदर्श. म्हणजे तीन पाळ्यांत एका खाटेला तिघी. यंत्र विकत आणता येते. परिचारिका घडायला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चार वर्षे लागतात.

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसार उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीने ठरतो; जखमी शत्रूलाही तोच न्याय. जेथे पावलोपावली हुद्दा मानला जातो, तेथे रुग्णाच्या खाटेपाशी तो बाजूला ठेवावा लागतो. अतिदक्षतेची खरी कसोटी हीच, असे मला वाटते.